दारातली सहा फूट जागा

१ एप्रिल, मंगळवार

कंपनीने चौतीस वर्षं दरवर्षी एक डायरी दिली आणि मी ती दरवर्षी कुणाला तरी देऊन टाकली. ही शेवटची, म्हणून ठेवली. काल निवृत्त झालो. शाल झाली, नारळ झाला, साहेब दोन शब्द म्हणून वीस मिनिटं बोलले. आज सकाळी सव्वासहाला सवयीने बूट चढवून दारात उभा राहिलो. जायचं कुठेच नव्हतं. मग तिथेच उभ्या उभ्या दाराकडे नीट बघितलं.

वरसे इथे तळमजल्याचा हा फ्लॅट घेऊन अकरा वर्षं झाली, पण दारातली जागा मी आजच पाहिली असं म्हणायला हरकत नाही. मुख्य दार आणि हॉल यांच्यामध्ये सहा फूट बाय साडेपाच फूट. उत्तरेला मोठी खिडकी. त्यात तांदळाचं पोतं, रिकामा सिलिंडर, तीन छत्र्या, त्यातल्या दोन मोडक्या, आणि चपलांचा ढीग. मी स्टोअरकीपर. माझ्या हाताखालून एक नट हरवला नाही. आणि माझ्याच दारात डाव्या चपलेला उजवी सापडत नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

गेटपाशी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली आहे. महाराष्ट्र दिनाला ‘सुंदर दार’ स्पर्धा. वेळ बरोबर साधली आहे.

३ एप्रिल, गुरुवार

स्टॉक टेकिंग केलं. शांतीने चहा दिला आणि म्हणाली, “अवो, निवांत बसा की चार दिवस.” चौतीस वर्षं शिफ्ट केलेल्या माणसाला निवांत बस म्हणणं सोपं आहे.

आमच्याकडे नियम होता: सहा महिने जी वस्तू हलली नाही ती नॉन-मूव्हिंग, तिला जागा द्यायची नाही. तोच इथे लावला. मोडक्या छत्र्या गेल्या. आईची काठी आणि वॉकर मात्र वृद्धाश्रमाला दिला. आई जाऊन पाच महिने झाले, म्हणजे नियमाने एक महिना बाकी होता, पण तिथे मी सूट घेतली.

तांदळाच्या पोत्यामागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. शांतीचं माहेरचं सामान. तिचं माहेर हमरापूरचं, गणपतीच्या कारखान्याचं. मूर्तीचे डोळे रंगवायचं काम ती लहानपणापासून करायची, आखणी म्हणतात त्याला. लग्नानंतरही सीझनला दहा-पंधरा दिवस जाऊन यायची. गेली दोन वर्षं आई अंथरुणाला होती, त्यामुळे जाणं झालं नाही. डब्यातले रंग वाळून खडखडीत झाले होते, चिंध्या कडक झाल्या होत्या. दोन वर्षं हललेला नाही म्हणजे नॉन-मूव्हिंगच. भंगारवाल्याला दिला. एक ब्रश तेवढा बारीक आणि कामाचा दिसला, तो काढून ठेवला. वस्तू वाया घालवायची नाही.

शांती दुपारी खिडकीपाशी बराच वेळ उभी होती. म्हणाली, “या जागेत उजेड किती चांगला हाय. सावली पडत नाय.” मी म्हटलं, म्हणूनच आरसा इथे लावणार आहे.

७ एप्रिल, सोमवार

शांतीचा धाकटा भाऊ हिरामण आला. कारखाना आता तोच चालवतो. येताना पोह्याचे पापड आणले. त्याचा आखणीवाला काम सोडून गेला आहे आणि दीडशे मूर्ती डोळ्यांविना बसल्या आहेत.

“भावोजी, ताईशिवाय आता नाय जमायचं,” तो म्हणाला. “तिला घरीच बसायला उजेडाची जागा मिळाली तर मूर्ती मी टेंपोनं इकडं पाठवीन. नायतर गणपतीपर्यंत तिला हमरापूरला धाडा. चार-पाच महिने जातील.”

शांती पापड हातात तसेच धरून माझ्याकडे बघत होती. आई गेल्यापासून ती जरा गप्पच असते. मी हिरामणला म्हटलं, “बघू. एक मे होऊ दे, मग जागेचा विचार करू.” स्पर्धा सोडून कारखाना मांडून बसणं कुणाला परवडेल? आणि पाच महिने हमरापूरला म्हणजे माझ्या जेवणाचं काय, हेही कुणी विचारलं नाही.

हिरामण गेल्यावर शांती म्हणाली, “मला त्या खिडकीपाशी बसायला जागा पायजे होती.” मी लगेच डोक्यात नोंद केली.

१० एप्रिल, गुरुवार

आज शांतीला आश्चर्याचा धक्का दिला. खिडकीखाली बाक! वर रेक्झिनची गादी, खाली चपलांचे सहा कप्पे. तिच्या गुडघ्यांना उभ्याने चपला घालायला त्रास होतो, हे माझ्या लक्षात आहे. बायकोने एकदा सांगावं आणि नवऱ्याने तीन दिवसांत आणावं, असं किती घरांत होतं?

ती बाकावर बसली. उठली. परत बसली. “बसायला झाली खरी जागा,” म्हणाली आणि हसली. हसू मला पुरेसं वाटलं नाही, पण सुतार समोर होता म्हणून विषय वाढवला नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

आजचा दिवस सोन्याचा. भिंतीवर पितळी हुकांची पट्टी लावली, सात हुक. किल्ल्या, पिशवी, छत्री, टोपी, प्रत्येकाचा हुक ठरलेला. प्रत्येकावर नंबर हवाच. बाजारातले स्टिकर महिन्याभरात सुटतात, म्हणून तो ठेवलेला बारीक ब्रश घेतला आणि काळ्या ऑइल पेंटने आकडे स्वतः काढले. काय रेघ आली! केसासारखी. माझा हात इतका स्थिर आहे हे मला साठाव्या वर्षी कळावं? आठाची कंबर काढताना तर मीच माझ्यावर खूश झालो. (हुक सातच, पण जागा उरली म्हणून आठ काढला. पुढे हुक वाढवता येईल.)

ब्रश थिनरच्या बाटलीत ठेवला. पनवेलला सुरभीला फोटो पाठवले. लेकीने अंगठा पाठवला.

२० एप्रिल, रविवार

वरच्या मजल्यावरच्या मिरियमताईंना मुद्दाम बोलावून दाखवलं. त्या शाळेत मास्तरीण होत्या, लिहिण्यातली चूक त्यांना लगेच दिसते. मुलं इस्राएलला गेली, त्या इथेच राहिल्या. त्यांनी चष्मा लावून आकडे पाहिले. “छान काढलेत हो. एवढा बारीक ब्रश कुठं मिळाला?” मी म्हटलं, घरातच होता. त्यावर त्यांनी शांतीकडे बघितलं. ती आत पोळ्या करत होती, तिचं लक्ष नव्हतं.

त्यांच्या दाराला सजावट म्हणाल तर काही नाही. चौकटीवर उजव्या बाजूला बोटभर लांबीची डबी ठोकलेली आहे. त्यांच्या ज्यू धर्मातली प्रार्थना असते तिच्यात. येता-जाता त्या तिला बोट लावून ते बोट ओठांना लावतात. मी म्हटलं, “ताई, तुम्हीपण भाग घ्या, मी हुक बसवून देतो.”

“केरूभाऊ, दारात हुक किती हायत ते नाय बघायचं,” त्या म्हणाल्या. “घरातल्या माणसाला तिथं थांबावंसं वाटतं काय ते बघायचं.” मास्तरीण त्या मास्तरीणच.

२२ एप्रिल, मंगळवार

काय झालं ते मला नीट कळलेलं नाही, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

सकाळी शांतीने विचारलं, “पोत्यामागं माझा डबा व्हता, तो कुठं ठेवला?” मी सांगितलं, दोन वर्षं हलला नव्हता म्हणून काढला. नियम समजावून सांगितला. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, “त्यातला ब्रश?” मी म्हटलं, तो मी वाचवला, आणि अभिमानाने हुकांकडे बोट दाखवलं.

ती पट्टीपाशी गेली. एकेका आकड्यावरून हळूच बोट फिरवलं, एक ते आठ. मला वाटलं कौतुक करतेय. मग बाटलीतून ब्रश काढला. आठवड्याभरात थिनर उडून गेलं होतं. केस कडक होऊन विस्कटले होते. तिने पदराने पुसला, दोन बोटांत धरून वाकवून बघितला. वाकला नाही.

“दुसरा आणतो,” मी म्हटलं. “रोह्यात वीस रुपयाला मिळतो.”

“व्हय,” ती म्हणाली. “मिळतो.”

दुपारी जेवली नाही. संध्याकाळी पिशवी भरली. उद्या सकाळच्या गाडीने हमरापूरला जाते म्हणाली, हिरामणचं काम खोळंबलंय. मी विचारलं, परत कधी? म्हणाली, बघू.

चांगलंच आहे, भावाला मदत होईल. मलाही एक मेची तयारी निवांत करता येईल. पण ब्रश रुमालात गुंडाळून तिने पिशवीत ठेवला, तो कशाला ते समजलं नाही. तो तर आता कुचकामी.

२६ एप्रिल, शनिवार

दारात कुंड्या आल्या. पाट्या आल्या. वरणाची फोडणी जळाली.

१ मे, गुरुवार

पहिला नंबर! एकवीस घरांत पहिला. पाहुण्यांनी आकड्यांचं विशेष कौतुक केलं, हाताने काढलेत यावर त्यांचा विश्वास बसेना. बक्षीस घ्यायला माइकवरून “श्री. व सौ. भोईर” पुकारलं. मी एकटाच गेलो. टाळ्या भरपूर होत्या. मानचिन्ह आणून बाकावर ठेवलं आणि शेजारी बसलो. अकरा वाजता तिथे बसलो तो दीडपर्यंत. दार उघडंच होतं. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. सात हुकांपैकी एकावर माझी टोपी होती, एकावर किल्ली.

मिरियमताई ताटात पुरणपोळी घेऊन उतरल्या. ताट ठेवलं आणि उभ्यानेच म्हणाल्या, “केरूभाऊ, आज सांगनार नव्हते, पण नाय सांगितलं तर तुम्ही जन्मभर त्या आकड्यांकडं बघून खूश व्हाल.”

मग त्यांनी सांगितलं. तो ब्रश शांतीच्या वडिलांचा. विकतच्या ब्रशाचे केस एकेक करून त्यांनी कमी केले होते, चार-पाच केस उरेपर्यंत. शांती चौदा वर्षांची असताना त्यांनी तो तिच्या हातात दिला, आणि तेव्हापासून लग्नापर्यंत कारखान्यातल्या मूर्तींचे डोळे तीच काढायची. तो ब्रश पाण्यात कालवलेल्या रंगासाठीचा. ऑइल पेंटमध्ये बुडवला की संपला. आई आजारी असताना दोन वर्षं शांती जागची हलली नाही, म्हणून डबाही हलला नाही. हे सगळं शांतीने त्यांना कधीच सांगितलं होतं, माझ्या आईचे पाय चेपता चेपता.

“आनि बसायला जागा पायजे म्हणाली ती चपला घालायला नाय हो,” ताई म्हणाल्या. “काम करायला.”

मला शरम वाटली. पुरणपोळीचं ताट झाकून ठेवलं. स्टोअरकीपर म्हणून चौतीस वर्षांत एकच गोष्ट छातीठोकपणे सांगत आलो की वस्तू कुणाची, कशासाठी, हे विचारल्याशिवाय मी कधी काही निकालात काढलं नाही. कंपनीत प्रत्येक वेळी विचारलं. घरात एकदा विचारलं नाही.

४ मे, रविवार

हमरापूरला गेलो. गाडीत काय बोलायचं याची उजळणी करत होतो. उजळणीच्या नादात हमरापूर मागे पडलं आणि मी जित्याला उतरलो. तिथून रिक्षाने मागे आलो.

कारखान्याच्या पडवीत शांती पाटावर बसली होती. समोर दीड फुटी मूर्ती. अंगाला रंग झालेला, सोंडेवर सोनेरी, आणि चेहरा कोरा. मी “शांते” म्हणालो तशी हिरामणने तोंडावर बोट ठेवलं. “आखणी चाललीय. बोलायचं नाय.”

मग मी उभा राहिलो आणि बघितलं. आधी कधी बघितलं नव्हतं. पस्तीस वर्षांच्या संसारात ती हमरापूरला जाते म्हणजे माहेरपणाला जाते, एवढंच माझ्या डोक्यात. तिने करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवली, श्वास रोखला आणि वरच्या पापणीची रेघ एका झटक्यात ओढली. मग श्वास सोडला. दुसऱ्या डोळ्याला पुन्हा तसंच. शेवटी बुबुळात पांढरा ठिपका ठेवला, आणि खरं सांगतो, मूर्ती बघायला लागली. मी नकळत टोपी काढली. पडवीत पेणचे दोन व्यापारी बसले होते, तेही हात जोडून उठले. हिरामण म्हणाला, “हे तिच्या डोळ्यांसाठी थांबलेत. दुसऱ्या कुणाचे नको म्हणतात.” इतका अभिमान मला माझ्या निवृत्तीच्या शालीचा वाटला नव्हता.

तिने ब्रश धुतला, झटकला, नवा ब्रश होता तो, आणि मग माझ्याकडे पाहिलं. भाषण सगळं विसरलो. म्हणालो, “चुकलं माझं. विचारायला पाहिजे होतं.”

“ते आकडे बघितले तवाच समजले,” ती म्हणाली. “बाबांच्या ब्रशाशिवाय तुमच्या हातून तशी रेघ यायची नाय.”

मी पुढची मूर्ती उचलून तिच्यासमोर ठेवायला हात पुढे केला. “नाय,” ती एकदम म्हणाली. “हात नका लावू.” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच जास्त लागलं. मूर्ती तिच्या भाचीने ठेवली.

निघताना म्हटलं, “दारातली जागा तुझी. परत ये.”

“आधी मोकळी करा. मग बोला.”

५ मे, सोमवार

बाक काढला. सुताराला परत दिला, तो डोळे वटारून बघत होता. आरसा सुरभीला. कुंड्या जिन्यावर. मानचिन्ह कपाटात, कपड्यांखाली. हुकांची पट्टी उखडायला सर्वांत जड गेली, प्लास्टरही निघालं. आठाच्या आकड्याकडे एकदा बघून घेतलं. आठ अजूनही चांगलाच आला होता, हे खोटं कशाला लिहू.

७ मे, बुधवार

शांतीला फोन केला. “बसायला पाट किती उंच पाहिजे? खिडकी डाव्या हाताला की समोर? मूर्ती जमिनीवर की फळीवर? फळ्यांमध्ये अंतर किती?”

पलीकडे ब्रश खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “लिहून घेताय?” मी म्हटलं, लिहून घेतोय. मग तिने एकेक सांगितलं. खिडकी डावीकडे, कारण उजव्या हाताची सावली पडता कामा नये. फळी गुडघ्याच्या वर. वाऱ्याला आडोसा, पण हवा बंद नको. पाऊण तास बोलली. पस्तीस वर्षांत एवढं सलग बोलल्याचं मला आठवत नाही.

११ मे, रविवार

सकाळी टेंपो आला. पुढे हिरामण, मागे गवताच्या पेंढ्यांत बसवलेल्या चाळीस मूर्ती, आणि त्यांच्या मधोमध शांती, एका मूर्तीला हाताने धरून. मी गेटपाशी उभा होतो. उतरली. दारात आली. आत आली नाही, चौकटीत उभी राहून बघितलं. डावीकडे खिडकी, तीन थरांच्या फळ्या, मध्ये पाट, कोपऱ्यात पाण्याचा डबा. भिंतीवर निघालेलं प्लास्टर.

“हे रंगवायचं राहिलं,” मी म्हटलं.

“रंगवू नका,” ती घाईने म्हणाली, आणि मग दोघंही हसलो.

मूर्ती हिरामण आणि ती दोघांनीच आत नेल्या. मी दार धरून उभा राहिलो.

२९ मे, गुरुवार

दारात आता चपलेला जागा नाही. पाहुण्यांच्या चपला जिन्याखाली. आमच्याही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, “काका, स्पर्धेचं पहिलं बक्षीस आणि हे काय?” मी सांगितलं, पुढच्या वर्षी भाग घेणार नाही, दार चालू आहे.

माझ्याकडे एक काम आलं आहे. शांती श्वास रोखते तेव्हा दारासमोरून कुणी जायचं नाही, सावली हलते. मी बाहेर खुर्ची टाकून बसतो. कुरियरवाला, गॅसवाला, मिरियमताई, सगळ्यांना हात करून थांबवतो. मिरियमताई थांबतात आणि कुजबुजत म्हणतात, “आता थांबावंसं वाटतं हो इथं.” त्यांच्या बोलण्यात चूक काढायला जागाच नव्हती, म्हणून मी मान हलवली.

१७ जून, मंगळवार

पहिल्या चाळीस गेल्या, दुसऱ्या पन्नास आल्या. आज दुपारी जित्याहून एक म्हातारे गृहस्थ पत्ता शोधत आले. घरच्या गणपतीची मूर्ती हिरामणकडे सांगितली होती, आणि डोळे काढताना स्वतः बघायचे म्हणून आले. सोसायटीत त्यांनी भोईरांचं घर विचारलं नाही. “डोळेवाल्या बाईंचं घर कुठलं?” असं विचारत आले, आणि शाळकरी पोरांनीही थेट आमचं दार दाखवलं.

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, “हेच. जरा थांबा, रेघ चालू आहे.”

ते खालच्या आवाजात म्हणाले, “तुम्ही त्यांचे कोण?”

या प्रश्नाला माझ्याकडे पस्तीस वर्षांचं उत्तर तयार होतं. पण म्हणालो ते असं, “मी त्यांच्या स्टोअरला आहे.”

आत शांतीने श्वास सोडल्याचा आवाज आला. मग ब्रश पाण्यात खळबळला. मग ती म्हणाली, “अवो स्टोअरवाले, बाहेर गप्पा कसल्या मारताय? दुसऱ्या फळीवरची डावीकडून तिसरी द्या.”

मी हात धुतले, पुसले, आत गेलो. मूर्ती दोन्ही हातांनी उचलली. बुडाखाली एक हात, पाठीला एक, जसं हिरामण करतो तसं. पाच पावलं होती. तिच्यासमोर ठेवली आणि हात काढला.

“जरा डावीकडं,” ती म्हणाली. मी सरकवली.